घाटावरच्या तीन खोट्या हाका

वैनगंगेवरचा आमच्या गावाजवळचा पूल कोणी आणला, यावर दर निवडणुकीत दोन पुढारी भांडतात. दोघांचे फलक पुलाच्या दोन टोकांना आहेत. मी मोटारसायकलवरून तिथून जाताना मान खाली घालतो, कारण तो पूल मी आणला. आणायची इच्छा नव्हती, पण माझ्यामुळे आला, आणि तो आला म्हणून आमच्या घाटाचा धंदा बसला. हे मी आजवर फक्त माझ्या बायकोला सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. ती आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, "मग सांगून टाका ना त्या दोघांना." ते दोघं म्हणजे एक डोंगेवाला आणि एक टेलर. त्यांना सांगून टाकायला मला एकूण तेहतीस वर्षं लागली.

आमच्याकडे त्या जागेला धक्का किंवा बंदर कोणी म्हणत नाही. घाट म्हणतात. काळ्या दगडाच्या बावीस पायऱ्या, वर बैलगाडी वळेल एवढा फरसबंद ओटा, आणि ओट्याच्या कडेला चार लोखंडी कड्या. चार होत्या, आता तीन आहेत. मालगुजार जमीनदारांच्या काळात इथे मोठ्या नावा लागत आणि तांदूळ, मोहफूल, लाख, बांबू घेऊन जात, असं जुनी माणसं सांगायची. घाट बांधला कोणी, हे ज्याला विचाराल त्याचाच पणजोबा निघतो. पुढे रेल्वे आली, मोठ्या नावा गेल्या, आणि घाटावर डोंगे उरले. एकाच बुंध्यातून कोरलेले, लांब, अरुंद. पलीकडचा काठ मध्य प्रदेशात. त्या काठाला आमच्या बुधवारच्या बाजाराची गरज असायची आणि आमच्या काठाला तिकडच्या सोयरिकींची. दोन्ही गोष्टी डोंग्यातून व्हायच्या.

डोंगेवाला आमच्या काठावरचा. पलीकडच्या माणसाला यायचं असेल तर त्याने काठावर उभं राहून हाक मारायची. तीन हाका झाल्या की डोंगेवाल्याने हातातला घास ताटात ठेवून निघायचं. कोण आहे, कशाला येतो, हे विचारायचं नाही. हा घाटाचा नियम होता आणि डोंगेवाल्याच्या घरात तो बापाकडून पोराकडे आला होता. हाक मात्र प्रत्येकाची वेगळी. कोणी नुसतं "होऽऽ" करायचा, दूधवाला रिकामा डबा वाजवायचा, आणि एक म्हातारी तर सरळ शिव्याच घालायची. डोंगेवाला आवाजावरून माणूस ओळखायचा आणि तशी तयारी करायचा. एकटं माणूस असेल तर एक डोंगा. सायकल, बकऱ्या, नवरी किंवा जड सामान असेल तर दोन डोंगे शेजारी आणून, वर बांबू आडवे बांधून, त्यावर फळ्या टाकायच्या. याला जोडडोंगा म्हणत. तो बांधायला बराच वेळ जायचा आणि वल्हवताना दुप्पट जोर लागायचा.

सगळ्यात जड गिऱ्हाईक म्हणजे पलीकडचा टेलर. दर बुधवारी सकाळी तो शिलाई मशीन घेऊन बाजाराला यायचा. त्याची हाक आजही माझ्या कानात आहे. आधी तो दोनदा घसा खाकरायचा. ते खाकरणंसुद्धा नदी ओलांडून यायचं. मग "ओ डोंगाऽऽ" आणि लगेच वरच्या पट्टीत "मशीन हाये होऽऽ". 'मशीन'वर त्याचा आवाज हमखास फाटायचा, बांग देताना मान पकडलेल्या कोंबड्यासारखा.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि गोंदियाच्या कॉलेजात बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो. मला अभ्यास येत नव्हता, पण आवाज काढता यायचे. एस.टी.च्या कंडक्टरचा, हिशेब शिकवणाऱ्या सरांचा, खुद्द माझ्या वडिलांचा. वडिलांच्या आवाजात मी आईकडून दोनदा चहा मागवून प्यायलो आहे. तिसऱ्यांदा वडील स्वतःच स्वयंपाकघरात बसले होते.

त्या दिवाळीला मी टेलरकडे पँट शिवायला टाकली. घालून पाहिली तर डाव्या पायाची मोहरी जमिनीला टेकत होती. मी भर बाजारात त्याच्या मशीनपुढे जाऊन उभा राहिलो.

"मामाजी, डावा पाय लांब झाला."

त्याने गळ्यातला टेप काढला. पँटचे दोन्ही पाय मोजले. मग खाली बसून माझे दोन्ही पाय कमरेपासून टाचेपर्यंत मोजले आणि भज्यांच्या गाडीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पँट एकदम बराबर हाये भाऊ. तुहाच डावा पाय पाव इंच आखूड हाये. कंपनीत बदलून भेटत असन तर पाहा."

त्या दिवसापासून गावातले पोट्टे मला 'पाव इंच' म्हणू लागले. माझ्या सख्ख्या काकूनेही एकदा म्हटलं. याचा सूड घ्यायचा असं मी ठरवलं.

डिसेंबरात नदीवर सकाळी असं धुकं असतं की घाटाच्या पाचव्या पायरीवरून सहावी दिसत नाही. पलीकडचा काठ तर नसल्यासारखाच. समोरची दरड उंच आहे, त्यामुळे आपल्या काठावरून ओरडलेलंही तिकडून आल्यासारखं वाटतं. घाटाच्या थोडं वर बेशरमाची दाट झुडपं आहेत. एका बुधवारी, टेलरच्या रोजच्या वेळेच्या तासभर आधी, मी त्या झुडपांत जाऊन बसलो. दोनदा घसा खाकरला. मग नदीकडे तोंड करून हाक दिली, "ओ डोंगाऽऽ, मशीन हाये होऽऽ." मशीनवर आवाज फाडला. तीनदा.

धुक्यातून डोंगेवाल्याचं कुरकुरणं ऐकू आलं. "आज येवढ्या लवकर काऊन येऊन राहिला हा?" मग बांबू आपटल्याचा आवाज, दोर ओढल्याचा, फळ्या टाकल्याचा. जोडडोंगा बांधून तो गेला, पलीकडे कोणी नाही म्हणून थांबला, चार हाका मारल्या, परत आला. येऊन त्याने बांबू सोडले, फळ्या उतरवल्या, चिलीम पेटवली. आणि तेवढ्यात पलीकडून खरी हाक आली. आधी दोनदा खाकरणं, मग डोंगा, मग मशीन. मी झुडपांत तोंडात रुमाल कोंबून लोळत होतो.

दुसऱ्या बुधवारी मी तेच केलं. त्या दिवशी ओट्यावर दोघांची बाचाबाची झाली.

"बलावून कोठी मरतेस बे?" डोंगेवाला म्हणाला.

"कोनं बलावलं? मी आत्ताच घरून निघून राहिलो. पूछ लो मेरे घर में."

"तुहा आवाज मी ओळखत नाही का?"

"आवाज ओळखतेस अन् माणूस नाही ओळखत?"

मी जवळच उभा होतो. मध्यस्थी केल्यासारखं करून मी दोघांनाही शांत राहायला सांगितलं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात.

तिसऱ्या बुधवारी मात्र डोंगेवाला माझ्या हाकेला गेला, रिकामा परत आला, आणि ओट्यावर नदीकडे पाठ करून बसला. थोड्या वेळाने टेलरची खरी हाक आली. तो उठला नाही. मी झुडपांत मोजत होतो. तीन झाल्या, सहा झाल्या, नऊ झाल्या. नवव्या हाकेला 'मशीन' नव्हतं, नुसतं "डोंगाऽऽ" होतं आणि त्यात चिडण्यापेक्षा काळजीच जास्त होती. डोंगेवाल्याला काही झालं तर नाही, अशी. मग ऊन चढलं, धुकं उठलं आणि सगळं दिसायला लागलं. पलीकडच्या काठावर टेलर डोक्यावर मशीन घेऊन उभा. इकडे डोंगेवाला पाठ करून बसलेला. बाजाराला आलेली माणसं दोघांकडे पाहत उभी.

मी तेव्हा झुडपांतून बाहेर यायला हवं होतं. वीस पावलं होती. मी उलट्या बाजूने निघून घरी गेलो आणि भात-वरण खाल्लं.

पुढच्या बुधवारी टेलर लांबच्या सडकेच्या पुलावरून तीस किलोमीटरचा फेरा घालून, सायकलच्या कॅरियरला मशीन बांधून आला. भर बाजारात त्याने सांगितलं, की या माणसाने घाटाचा नियम मोडला. डोंगेवाल्याने सांगितलं, की या माणसाने मला तीन बुधवार खेळवलं, हा खोटारडा आहे. दोघांचंही खरं होतं आणि हे माहीत असलेला एकटा मी भजी खात होतो. डोंगेवाला म्हणाला, "याचा पाय माह्या डोंग्यात पडनार नाही." टेलर म्हणाला, "तुह्या डोंग्यावर थुंकतो. आता इथं पूल झाला की पुलावूनच येईन."

आपल्याकडे रागात माणूस पुष्कळ बोलतो. हा टेलर बोलून थांबला नाही. सायकलवरून मशीन दोनदा पडलं, तेव्हा त्याने आमचा बाजार सोडला आणि अर्ज लिहायला घेतला. नदीच्या मध्यावर दोन राज्यांची हद्द. भोपाळकडून उत्तर यायचं की महाराष्ट्राचा काठ आमचा नाही, मुंबईकडून यायचं की मध्य प्रदेशचा काठ आमचा नाही. तो शर्टाचं माप घ्यायचा आणि गिऱ्हाइकाची अर्जावर सही घ्यायचा. काज-बटणाला आलेल्या बायांचे अंगठे घ्यायचा. कोणी साहेब त्या बाजूला फिरकला तर त्याच्या पँटचं उसवलेलं शिवून द्यायचा आणि शिवता शिवता पुलाचं बोलायचा. अशी कित्येक वर्षं.

मध्ये माझं लग्न झालं. मुलगी नेमकी टेलरच्याच गावची. सासऱ्यांनी नवरदेवाचा सूट गावच्याच टेलरकडे शिवायचा ठरवला, आणि मी पुन्हा त्याच्या टेपसमोर उभा राहिलो. तो खाली बसला, दोन्ही पाय मोजले, जरा थांबला. मग वर न पाहता म्हणाला, "जवाईबापूचे पाय तर एकदम सारखे हायेत. कोन म्हन्ते वरखाली?" सासरे खूश झाले. मी मात्र ती दोन मिनिटं त्याच्या डोक्यावरचं टक्कल पाहत सगळं सांगून टाकायचं ठरवत होतो. तेवढ्यात त्याने टेप गुंडाळला. ती पँट अशी बसली की पुन्हा आयुष्यात कुठलीही पँट तशी बसली नाही. रेडिमेड पँट घेतो, तिची डावी मोहरी सहा महिन्यांत झिजते आणि बायको ओरडते.

पूल झाला तेव्हा टेलर म्हातारा झाला होता आणि लोक रेडिमेड घालत होते. तो उद्घाटनाच्या दिवशी चालत पूल ओलांडून आमच्या बाजारात आला, एक आलुबोंडा खाल्ला आणि चालत परत गेला. घाटाकडे त्याने पाहिलं नाही. डोंगेवाल्याकडे आठ दिवसांत एकही हाक आली नाही. तरी महिनाभर तो रोज घाटावर जाऊन बसला. मग त्याने एक डोंगा विकला, एक ठेवला आणि मासे धरायला लागला.

घाट काही ओसाड पडला नाही, हे सांगितलं पाहिजे. आता तिथे ट्रॅक्टर धुतात. ओट्यावर कोणी मोहफूल वाळवतं, कोणी धान. पोट्टे दोन कड्यांत बांबू उभे करून, त्यांना जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळतात. दहाव्याला माणसं येतात, गणपतीला येतात. मागच्या वर्षी एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं होतं. फोटोग्राफरने रंगीत धूर सोडला आणि पायरीवर बांधलेली म्हैस दोर तोडून नवरदेवाच्या अंगावरून गेली. सगळ्या कामाला घाट येतो. नदी ओलांडायला तेवढा येत नाही.

मी स्वतः धान खरेदी केंद्रावर लागलो. तिथे स्पीकरवरून शेतकऱ्यांची नावं पुकारायचं काम माझ्याकडे आहे. नाव पुकारलं की ट्रॅक्टरवर झोपलेला माणूस दचकून उठतो आणि धावत येतो. प्रत्येक वेळी मला तो जोडडोंगा धुक्यात जाताना दिसतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणते, "तुम्हाला बीपी आहे, दुसरं काही नाही."

यंदा श्रावणात ग्रामपंचायतीने ठरवलं की शेवटचा डोंगा घाटावरून उचलून पंचायतीसमोर ठेवायचा, त्याला ऑइलपेंट द्यायचा, आत माती भरून झेंडू लावायचा. लोक फोटो काढतील. डोंगेवाल्याने होकार दिला. त्याच्या गुडघ्यांत आता बळ नाही. मला हे केंद्रावर कळलं. या डोंग्यावरून दोन माणसांच्या कपाळी शिक्के बसले होते, एकाच्या नियम मोडल्याचा, दुसऱ्याच्या खोटारडेपणाचा. दोघंही ऐंशीच्या घरात. एकदा त्या डोंग्यात झेंडू लागला की माझ्या कबुलीला काय अर्थ राहणार होता? डोंगा भुजलीनंतर उचलणार होते. म्हणजे भुजलीचा दिवस शेवटचा.

भुजली आमच्या भागात राखीच्या दुसऱ्या दिवशी असते. नागपंचमीच्या सुमाराला टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, त्यामुळे रोपं पिवळी, लुसलुशीत येतात. त्या दिवशी बाया टोपल्या डोक्यावर घेऊन गात घाटावर येतात. माती नदीत सोडतात आणि रोपं एकमेकांना देतात. लहानाने मोठ्याच्या कानावर रोप खोवायचं आणि पाया पडायचं. बरोबरीच्यांनी गळाभेट घ्यायची. मुख्य म्हणजे, ज्याच्या हातून भुजली घेतली त्याच्यावर राग धरायचा नाही. माझी सगळी मदार या शेवटच्या गोष्टीवर होती. आधी भुजली कानावर, मग कबुली. उलट्या क्रमाने करायची माझी हिंमत नव्हती.

पंधरा दिवस उघाड होती. पाणी गढूळ होतं पण शांत, वरच्या पायऱ्यांपर्यंत आलेलं. डोंगेवाला ओट्यावर डोंग्याशेजारी बसून जाळं सांधत होता. बायको मला मागून ढकलत होती, अक्षरशः. मी वाकून त्याच्या कानावर रोप खोवलं आणि पायाला हात लावला.

"का रे पाव इंच," तो म्हणाला. "तू कधी भुजली देत नाहीस. काय लफडं करून आलास?"

मी सांगितलं. झुडपं, धुकं, घसा खाकरणं, तीन बुधवार, सगळं. सांगताना टोपल्या घेतलेल्या सातआठ बाया गाणं थांबवून उभ्या राहिल्या होत्या. डोंगेवाला जाळ्याकडे पाहत होता. तसाच पाहत म्हणाला, "कोणत्या झुडपात?"

मी हात दाखवला.

"तेथी तर साप राहतेत."

"हो काकाजी."

"चावला नाही कायले?"

त्याने सुई जाळ्यात टोचून ठेवली. "खोटं बोलून राहिलास तू. त्या टेलरचा आवाज मी आयुष्यभर ऐकला. तू केंद्रावर नाव पुकारतेस तं शेळी ओरडल्यासारखं वाटते. तुह्याच्यानं नाही होणार."

तेहतीस वर्षं मी शिव्या खायची तयारी केली होती. माझ्यावर विश्वासच बसणार नाही, ही तयारी केली नव्हती.

"मीच होतो काकाजी, देवाशपथ."

"मग मारून दाखव हाक."

"आता? एवढ्या लोकांत?"

"आता झुडपात बसून मारतेस का?"

बायका हसायला लागल्या. त्यात सगळ्यात मोठं हसू माझ्या बायकोचं होतं. मी बावन्न वर्षांचा माणूस, नवी पँट घालून घाटाच्या पायरीवर उतरलो. दोनदा घसा खाकरला. समोर पलीकडच्या काठावरही भुजलीची गर्दी होती, रंगीत ठिपके दिसत होते. मी हाक दिली. "ओ डोंगाऽऽ, मशीन हाये होऽऽ." मशीनवर आवाज फाटला. या वेळी मुद्दाम फाडावा लागला नाही.

डोंगेवाल्याचा हात कानाकडे गेला आणि भुजलीच्या रोपावर थांबला.

मग पलीकडून कोणीतरी घसा खाकरला. दोनदा.

"कौन है बे?" आवाज जुना झाला होता, पण तोच होता. "मेरी आवाज में कोन बोंबलून राहिला?"

मग तिकडून पुन्हा आवाज आला, पण आता त्यात दरडावणी नव्हती. "ओ डोंगाऽऽ." आम्ही सगळे डोंगेवाल्याकडे पाहत होतो. "ओ डोंगाऽऽ." तो हलला नाही. तिसऱ्या हाकेला म्हाताऱ्याचा श्वास पुरला नाही, 'डोंगा' अर्धाच आला.

"तीन झाल्या," डोंगेवाला म्हणाला आणि गुडघ्यावर हात देऊन उठला.

मी त्याला धरायला पुढे झालो. त्याने माझ्या हातात टिनाचा डबा दिला. "बस. डोंगा गळते. पानी काढत चाल."

नदी ओलांडेपर्यंत तो वल्हवत होता आणि मी डब्याने पाणी काढत होतो. डोंगा खरंच फार गळत होता. निम्म्या पात्रात एकदा मी कंबर सरळ करायला थांबलो, तर तो म्हणाला, "तीन बुधवार मी खेपा केल्या. तुले एक जड जाऊन राहिली?" मी पुन्हा डबा उचलला.

पलीकडे टेलर काठी टेकून पाण्याच्या कडेला उभा होता. टक्कल तेच, खांदे तेवढे खाली आलेले. मी आधी भुजली त्याच्या कानावर खोवली आणि मग सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जात नाही. शेवटी मी म्हणालो, "मामाजी, तुमचा बाजार माझ्यामुळे सुटला. पूलही माझ्यामुळेच झाला म्हणायचा."

इथपर्यंत तो शांत होता. पुलाचं ऐकल्याबरोबर काठी आपटली.

"पूल मी आणला! हजार अर्ज केले मी. तू काय केलं? झुडपात बसून ओरडला!"

"तसं नाही मामाजी, म्हणजे कारण..."

"अन् हे सगळं त्या पँटीसाठी?" त्याने खाली माझ्या पायांकडे पाहिलं. डावी मोहरी ओली होऊन टाचेखाली आली होती. "अबे, तुहा डावा पाय आखूडच हाये. लग्नाच्या वेळी सासऱ्यासमोर तुही इज्जत ठेवली. त्या पँटीचा डावा पाय पाव इंच आखूड कापला होता मी. बसली का नाही बराबर?"

बसली होती. मी मान हलवली. म्हणजे पहिली पँटही बरोबर होती, आणि सूड घ्यायला कारणही नव्हतं.

डोंगेवाला इतका वेळ डोंग्यातच उभा होता. तो टेलरकडे न पाहता म्हणाला, "हाक मारली तं बस ना आता. पानी भरून राहिलं." टेलरने काठी आधी आत टाकली, मग डोंगेवाल्याचा हात धरला आणि पाय ठेवला. डोंगा हलला. टेलर बसला आणि त्याने माझ्या हातातून डबा घेतला.

मी पण बसायला गेलो, तर डोंगेवाल्याने वल्हं आडवं धरलं.

"तू कोठी?"

"काकाजी, मी तुमच्यासोबतच आलो ना."

"तिघांचं वजन नाही झेपत आता. तू पूल आणला म्हन्तेस ना? पुलावून ये."

"पूल मी आणला," टेलर डोंग्यातून म्हणाला.

"हौ, तुवा आणला. मग त्याले जाऊ देतेस का त्याच्यावून?"

"जाऊ दे. सरकारी हाये."

ते निघाले. एक वल्हवतोय, एक पाणी काढतोय, दोघांच्या कानांवर पिवळी रोपं. मी काठावर उभा राहून माझ्या स्वतःच्या आवाजात हाक दिली. एक, दोन, तीन. नियमाने त्याला वळायला हवं होतं. डोंगेवाल्याने मान न वळवता ओरडून विचारलं, "कोन आहे? आवाज ओळखीचा नाही!" आणि टेलर इतका हसला की डबा पाण्यात पडता पडता राहिला.

पुलावरून घाटापर्यंत सहा किलोमीटर होतात. चपला मी आमच्या काठावर सोडल्या होत्या. पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती, गर्दी पांगली होती, डोंगा तिसऱ्या कडीला बांधलेला होता. बायको माझ्या चपला घेऊन पायरीवर बसली होती.

"गेले कुठं दोघं?" मी विचारलं.

"बाजारात. आलुबोंडा खायला." तिने चपला पुढे सरकवल्या. "काकाजीनं सगळ्यांसमोर ओट्यावर उभं राहून सांगितलं. म्हणाले, त्या दिवसची याची हाक खरी होती. मी ऐकली, अन् गेलो नाही. माह्यं चुकलं. मग मामाजीच रडायला लागले. म्हणाले, तू आजारी पडलास असं वाटलं होतं मले."

हे ऐकायला मी तेहतीस वर्षं थांबलो होतो, आणि ते घडलं तेव्हा मी पुलाच्या मध्यावर खडी टोचते म्हणून पाय झाडत होतो.

"माझ्याबद्दल काय म्हणाले?"

बायकोने जरा आठवून पाहिलं. "तुमचं? नाही, तुमचं काही निघालं नाही."

"काहीच नाही?"

"नाही जी. आता चला घरी. अन् पँट वर करा आधी, डावी मोहरी चिखलात लोळून राहिली."